चिकाना साहित्यातील 'घर' आणि समलिंगी अस्मिता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया स्वतःला 'चिकाना' म्हणवितात, तेव्हा त्या संज्ञेत वंशाबरोबरच राजकीय भूमिकाही अभिप्रेत असते. त्यांच्या साहित्यातील समलिंगी लेखिकांनी 'घर' या संकल्पनेची जी मांडणी केली, तिचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

१८४८ च्या ग्वादालुपे-हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण भूप्रदेश अमेरिकेकडे गेला आणि तेथील मेक्सिकन रहिवासी आपल्याच भूमीत उपरे ठरले. साहजिकच १९६० च्या दशकातील चिकानो चळवळीत कुटुंब हे प्रतिकाराचे केंद्र मानले गेले. १९६९ मध्ये डेन्व्हर येथील युवा परिषदेने 'अझ्तलान' या पौराणिक मायभूमीचा उद्घोष केला. परंतु या कुटुंबाची व मायभूमीची रचना पुरुषप्रधानच राहिली. परिणामी समलिंगी स्त्रीवर वंशद्रोहाचा आरोप करणे सोपे झाले.

दक्षिण टेक्ससमध्ये जन्मलेल्या ग्लोरिया आन्साल्दुआ (१९४२–२००४) यांनी 'बॉर्डरलँड्स/ला फ्रोंतेरा' (१९८७) या ग्रंथात हा पेच मांडला. समलिंगी व्यक्तींविषयीच्या भीतीला इंग्रजीत 'होमोफोबिया' म्हणतात; एका विद्यार्थ्याने त्याचा अर्थ 'घरी जाण्याची भीती' असा घेतला होता. आन्साल्दुआंना तो समर्पक वाटला. आपल्याच माणसांकडून नाकारले जाण्याचे भय त्यातून व्यक्त होते. मात्र घर सोडूनही ते आपण सोबत वाहतो, असे त्या प्रतिपादन करतात. इंग्रजी व स्पॅनिश यांची त्यांची मिश्र भाषा हाही या घराचाच भाग होय.

चेरी मोरागा यांनी हाच प्रश्न रंगभूमीवर आणला. 'द हंग्री वुमन : अ मेक्सिकन मेडिया' या नाटकात क्रांतीनंतर स्थापन झालेल्या अझ्तलानमधूनच मेडियाला एका स्त्रीवरील प्रेमापायी हद्दपार व्हावे लागते. म्हणजे स्वतंत्र झालेली मायभूमीही सर्वांचे घर ठरत नाही. तरीही मोरागा मायभूमीची कल्पना टाकून देत नाहीत. 'द लास्ट जनरेशन' (१९९३) या संग्रहातील निबंधात त्या समलिंगी व्यक्तींनाही सामावून घेणाऱ्या अझ्तलानची मागणी करतात.

या लेखनाला केवळ विस्थापनाचे साहित्य म्हणणे अपुरे आहे. कुटुंबाशी असलेले नाते न तोडता त्यातील अन्याय उघड करणे, ही त्यामागील कठीण भूमिका होय. अध्यापनात वंश आणि लैंगिकता हे घटक वेगवेगळे शिकविले, तर नेमकी हीच भूमिका विद्यार्थ्यांच्या दृष्टीआड होते.