‘बाराझ’, ‘बॅरेज’ आणि बंधारा : फ्रेंच जलबांधकाम-संज्ञांचे इंग्रजी रूपांतर व खानदेश

तापी नदीच्या पात्रावर जळगाव जिल्ह्यात शेळगाव, धुळे जिल्ह्यात सुलवाडे आणि १९९८ पर्यंत धुळ्यातच मोडणाऱ्या नंदुरबार भागात सारंगखेडा व प्रकाशा येथे जी बांधकामे उभी आहेत, त्यांना सरकारी कागदांत आणि लोकांच्या बोलण्यातही ‘बॅरेज’ असे म्हणतात. याच नदीवर हतनूर येथे आहे ते ‘धरण’, आणि गिरणेवर जामदा येथे आहे तो ‘बंधारा’. पाणी अडविण्याच्या कामासाठी बंधारा, धरण, पाट, चारी, मोरी, सांडवा अशी भरघोस शब्दसंपत्ती ज्या मुलखाच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या आहे, तेथे एक परका शब्द का रुजावा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मराठीत नसून एका जुन्या फ्रेंच-इंग्रजी भाषांतरात आहे. फ्रेंचमधील सार्वजनिक बांधकामाच्या संज्ञा इंग्रजीत आणताना काय सांभाळावे लागते, हेही त्यातून चांगले उलगडते.

फ्रेंचमध्ये ‘बाराझ’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘आडवा घातलेला अडसर’ इतकाच आहे. पोलिसांनी रस्त्यावर केलेली नाकेबंदीही ‘बाराझ’च होय. नदीच्या संदर्भात हा शब्द दरी अडवून उभारलेल्या उंच भिंतीपासून पात्रातील दारांच्या रांगेपर्यंत कशालाही लागू पडतो. दक्षिण फ्रान्समध्ये फ्रेझ्यूस या गावाच्या वरच्या अंगास असलेले माल्पासेचे कमानी धरण २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फुटले आणि चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. फ्रेंच कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘माल्पासेचे बाराझ’ असा येतो. साठ मीटरहून उंच असलेल्या या कमानी भिंतीला इंग्रजी अहवालात ‘बॅरेज’ म्हटले, तर भारतीय किंवा इजिप्शियन अभियंत्याच्या डोळ्यांसमोर बुटक्या, दारांच्या बांधकामाचे चित्र उभे राहील आणि दुर्घटनेची कारणमीमांसाच त्याला दुर्बोध होईल. तेथे ‘डॅम’ हाच शब्द योग्य ठरतो. शब्द सारखा दिसला म्हणजे अर्थही सारखा असतो, ही समजूत भाषांतरात जितकी घात करते, तितका घात शब्दाचे अज्ञानही करीत नाही.

इंग्रजीत ‘बॅरेज’चा अर्थ असा आकुंचित झाला, तो नाईल नदीवर. कैरोच्या खाली, जेथे नाईलच्या दोन शाखा फुटतात, तेथे पाण्याची पातळी चढवून कालव्यांना पाणी देण्याची योजना महंमद अलीच्या राजवटीत आखली गेली. तिचे अभियंते प्रथम लिनां द बेलफोन व पुढे मूझेल हे दोघेही फ्रेंच होते. काम १८६१ मध्ये पुरे झाले. अरबीत त्या बांधकामाला ‘कनातिर’, म्हणजे कमानींचे पूल, असे नाव पडले; लोकांना दिसला तो पूल, अभियंत्यांना दिसला तो अडसर. नकाशे व टिपणे फ्रेंचमध्ये असल्यामुळे इंग्रजांनी उचलला तो फ्रेंच शब्द, तोही भाषांतर न करता. पाया कच्चा असल्याने हे बांधकाम पुरेसे पाणी तोलू शकत नव्हते. त्याची दुरुस्ती १८८३ मध्ये इजिप्तमध्ये आलेल्या कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांनी करविली. हे गृहस्थ उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांवर काम केलेले होते, आणि फ्रान्स, स्पेन व इटली येथील सिंचनाची पाहणी करून त्यांनी १८६८ मध्ये त्याविषयी ग्रंथही लिहिला होता. फ्रेंच पाटबंधाऱ्यांची परिभाषा आणि हिंदुस्थानी कालव्यांचा अनुभव अशा रीतीने एकाच माणसाच्या ठायी एकत्र आला.

तोपर्यंत हिंदुस्थानातील इंग्रजीला ‘बॅरेज’ची गरज भासलेली नव्हती. गंगेवर ‘वेअर’ होते. गोदावरीवर दवलेश्वरम् येथे ‘ॲनिकट’ होते, आणि तो शब्द तर तमिळ ‘अणैक्कट्टु’वरून घेतलेला. मुंबई इलाख्यातील इंग्रजी अहवालांत ‘बंधारा’ हा शब्द जसाच्या तसा येई. पुढे सिंधू नदीवर सक्कर येथे मुंबई इलाख्याचे मोठे बांधकाम १९३२ मध्ये पुरे झाले, तेव्हा त्याला ‘लॉइड बॅरेज’ हे नाव मिळाले. आज भारतीय अभियांत्रिकीत या शब्दाची व्याख्या निश्चित आहे : पाणी चढविण्याचे काम जेथे मुख्यतः कायम बांधलेल्या माथ्याने होते ते ‘वेअर’, आणि जेथे ते मुख्यतः दारांनी होते ते ‘बॅरेज’. पुराच्या वेळी दारे उचलली की नदी जवळजवळ मोकळी होते, हे बॅरेजचे वैशिष्ट्य होय. तापीसारख्या मोठ्या पुराच्या नदीवर त्याची निवड का होते, हे यावरून कळेल. फ्रेंच ‘बाराझ’मध्ये मात्र हा अर्थ मुळीच अभिप्रेत नाही. फ्रेंच अभियंत्याला दारांचे बांधकाम सांगावयाचे असेल, तर तो ‘बाराझ मोबील’, म्हणजे चल बाराझ, असे विशेषण जोडून सांगतो.

येथेच भाषांतरकाराची खरी अडचण आहे. फ्रेंच भाषा नाम एकच ठेवून भेद विशेषणात दाखविते. इंग्रजी भेदासाठी नामच बदलते. गिरणेचे उदाहरण घ्यावे. नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात १९६९ मध्ये पुरे झालेले गिरणा धरण पाणी साठविते. तेथून सोडलेले पाणी नदीपात्रातून खाली येते आणि चाळीसगाव तालुक्यात जामदा बंधाऱ्यावर वळून डाव्या-उजव्या कालव्यांत जाते. इंग्रजीत पहिले ‘डॅम’ व दुसरे ‘वेअर’. फ्रेंचमध्ये दोन्ही ‘बाराझ’च : पहिले ‘साठ्याचे’, दुसरे ‘वळणाचे’. मराठी या बाबतीत इंग्रजीच्या जवळ आहे. ‘धरण’ धरून ठेवते, ‘बंधारा’ बांध घालून वळविते. निदान खानदेशच्या जुन्या वापरात हा भेद बराचसा पाळलेला दिसतो. म्हणून फ्रेंच मजकुरात विशेषण गाळलेले असेल (आणि दुसऱ्या-तिसऱ्या उल्लेखात ते बहुधा गाळलेलेच असते), तर नकाशा, उंची आणि कालव्याचे तोंड पाहिल्याशिवाय इंग्रजी शब्द ठरविताच येत नाही. शब्दकोश येथे पुरा पडत नाही.

‘एक्लूझ’ या शब्दाविषयी थोडक्यात सांगणे पुरे. इंग्रजी ‘स्लूस’शी त्याचे मूळ एकच, पण फ्रेंचमध्ये त्याचा रूढ अर्थ नौका चढविण्या-उतरविण्याचे कुलूपबंद पाणकोठार असा आहे. आपल्याकडील मोरीच्या दाराला फ्रेंचमध्ये ‘व्हान’ म्हणतात.

‘सुई’ची कथा अधिक मनोरंजक आहे. फ्रेंच अभियंता प्वारे याने १८३४ मध्ये योन नदीवर असे बांधकाम केले की, त्यात लोखंडी चौकटींना टेकून अरुंद दांडे उभे शेजारी शेजारी लावले होते. या दांड्यांना त्याने ‘एग्वीय’, म्हणजे सुया, म्हटले. इंग्रजीने त्याचे शब्दशः ‘नीडल’ केले. दांडे उभे व निमुळते असल्याने ते शोभलेही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात मात्र दगडी खांबांच्या खाचांतून फळ्या आडव्या बसवितात. पावसाळा सरला की त्या घालतात व पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढतात. कोल्हापूरकडे त्यांना ‘बर्गे’ म्हणतात. खात्याच्या इंग्रजीत त्यांना ‘नीडल्स’ हेच नाव चिकटले, आणि खानदेशातील ‘केटी वेअर’वरही ते पोचले. आडव्या फळीला सुई म्हणण्यात उपमा पार उलटली. पण काढता-घालता येणारा भाग हा व्यवहारातला अर्थ टिकला. मात्र अशा भारतीय अहवालातील ‘नीडल’चे फ्रेंचमध्ये ‘एग्वीय’ केले, तर तेथील वाचकाला प्वारेचे उभे दांडेच दिसतील.

बांधकामाचे नाव चुकले तर नकाशा पाहून दुरुस्त होते. व्यवस्थेचे नाव चुकले तर ते सहसा लक्षातही येत नाही. पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांवरील फड पद्धत याचे उत्तम उदाहरण होय. बंधाऱ्याखालील भिजणारी जमीन फडांत विभागलेली असते आणि एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे असते. कोणत्या फडात ऊस व कोणत्यात धान्य हे लाभधारक मिळून ठरवितात, आणि पाणी सोडण्याचे काम त्यांनी नेमलेला पाटकरी पाहतो. ‘फड’चे इंग्रजी ‘ब्लॉक’ असे केले गेले. जमिनीच्या तुकड्यापुरते ते बरोबर आहे. परंतु ‘ब्लॉक पद्धती’ हे नाव मुंबई इलाख्याच्या सरकारी कालव्यांवर विश्वेश्वरय्यांनी आणलेल्या व्यवस्थेलाही आहे, आणि तीत ठराविक मुदतीसाठी पाण्याची मंजुरी खाते देते. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची आरंभीची वर्षे धुळ्याकडे गेली होती, हा योगायोग लक्षणीय आहे. पहिल्या ‘ब्लॉक’मध्ये निर्णय गावाचा, दुसऱ्यात खात्याचा, इंग्रजी शब्दाने हा भेद पुसून टाकला. ‘बंधारा’ जसा भाषांतर न करता ठेवला, तसा ‘फड’ही ठेवणेच अधिक शास्त्रशुद्ध झाले असते.

बॅरेज की धरण, हा भेदही केवळ पंडिती नाही. सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील पाणी मुख्यतः नदीच्या काठांच्या आतच तुंबते. काठची शेते त्याहून उंचावर असल्याने पाणी आपसूक कालव्यात उतरत नाही, ते उपसावे लागते. ‘धरण’ या शब्दाबरोबर शेतकऱ्याच्या मनात पाटाचे पाणी येते. ‘बॅरेज’बरोबर पंप, वीज आणि तिचे बिल येते. ज्या योजनेची पायाभरणी २०१९ मध्ये धुळ्यात झाली, त्या सुलवाडे-जामफळ-कनोली योजनेत तर तापीच्या पुराचे पाणी सुलवाडे बॅरेजमधून उचलून जामफळ व कनोली येथील धरणांत साठवावयाचे आहे. या योजनेचे वर्णन फ्रेंचमध्ये करावयाचे झाल्यास पाणी एका ‘बाराझ’मधून दुसऱ्या ‘बाराझ’मध्ये चढते असे वाक्य होईल, आणि पहिल्यापुढे ‘चल’ व दुसऱ्यापुढे ‘साठ्याचे’ ही विशेषणे प्रत्येक उल्लेखात लिहावी लागतील.