आट्यांमधली तांब्याची पूड
तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावला जाणारी जीप भरलेली असली, की इंजिन बराच वेळ खालच्या गिअरमध्ये ओढत राहतं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांपर्यंत तापतो, उतारावर निवतो, पुन्हा तापतो. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणीही त्यावर उडतं. त्याला धरून ठेवणाऱ्या स्टडच्या आट्यांत गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून नट जाम होतो. गॅस्केट बदलायला गाडी गॅरेजात आली, पाना लावला, आणि नट सुटण्याऐवजी स्टडच इंजिनाच्या हेडमध्ये मोडला, तर तासाभराचं काम दिवसावर जातं. मग ड्रिल मारा, नाहीतर मोडक्या टोकावर नट वेल्ड करून तो फिरवा. धडगावभोवतीच्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवर जिथे बाजार, दवाखाना सगळं अशा एखाद्या गाडीवरच अवलंबून असतं, तिथे हा दिवस फार महाग पडतो.

त्यावर उपाय म्हणजे अँटी-सीझ. ग्रीसमध्ये तांबं, ॲल्युमिनियम किंवा निकेल यांची बारीक पूड आणि बहुधा ग्रॅफाइट मिसळलेलं असतं. साधं ग्रीस या उष्णतेत जळून जातं. अँटी-सीझमधलं तेलही जळतं, पण पूड मागे राहते आणि स्टड व नटाचं लोखंड एकमेकांना भिडू देत नाही. तांब्याचं अँटी-सीझ साधारण 980 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, निकेलचं त्याहूनही पुढे.

बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायच्या लॉकटाइटचं काम नेमकं उलटं. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी 1953 साली हे द्रव्य विकसित केलं. हवा लागते तोवर ते पातळ असतं; आट्यांत हवा मिळेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. निळ्या रंगाचं लॉकटाइट हातपान्याने सुटतं. लालसाठी बोल्ट बहुधा अडीचशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. एकाच बोल्टला दोन्ही लावू नयेत: तेलकट आट्यांवर लॉकटाइट नीट धरत नाही.

खरी मेख टॉर्कमध्ये, म्हणजे बोल्ट आवळण्याच्या पिळात आहे, आणि गॅरेजात तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कोरडा बोल्ट आवळताना आपल्या जोराचा सुमारे नव्वद टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहा टक्के. आटे बुळबुळीत केले की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून गाडीच्या पुस्तकातला टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांचा असेल, तर अँटी-सीझ लावल्यावर टॉर्क कमी ठेवावा लागतो. किती, ते त्या ट्यूबवर किंवा गाडीच्या पुस्तकात पाहावं. अंदाजाने आवळल्यास ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. हेडबोल्टला पुस्तक तेल सांगत असेल तर तेलच लावावं. चाकाचे नट कोरडे ठेवायला सांगितले असतील तर ते कोरडेच ठेवावेत. एनजीके कंपनी तर आपल्या स्पार्क प्लगना अँटी-सीझ लावूच नका म्हणते, कारण त्यांच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो.

माझ्या मते डोंगरपट्ट्यातल्या प्रत्येक गॅरेजात अँटी-सीझच्या डब्याशेजारी टॉर्क रेंच असलाच पाहिजे. एकाशिवाय दुसरं अर्धंच काम करतं. अँटी-सीझ लावण्याआधी तारेच्या ब्रशने आटे घासून जुना गंज काढावा, पातळ थर द्यावा, वरचं पुसून टाकावं. ऑक्सिजन सेन्सर बसवताना आट्यांवरच लावावं, टोकाला अजिबात नाही. तिथे लागलं तर सेन्सर खराब होतो.