माळीण ते कुंडमळा: मदतीच्या हाकेची अकरा वर्षं

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. ही बातमी बाहेर आणली एसटीच्या चालकाने. तो नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन गेला, तर गाव जागेवर नव्हतं. 15 जून 2025 ला, रविवारी दुपारी, आमच्या मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला. त्याचे व्हिडिओ मात्र बघता बघता सगळ्यांच्या फोनवर आले. माळीणने दीडशेवर माणसं गमावली, कुंडमळ्यात चौघं गेली आणि पन्नासच्या आसपास जखमी झाली. या अकरा वर्षांत हाक फार लवकर ऐकू येऊ लागली. वाचलेल्या माणसाच्या हातात काय पडलं, हे मात्र वेगळं पाहायला हवं.

फोनचा खरा उपयोग आमच्या घाटाने पाहिला. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ आणि घाटाखाली खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ व ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या बचावकार्य करणाऱ्या संस्था, सगळी माणसं कामधंदा सांभाळून हे करणारी. बोरघाटात गाडी उलटली की व्हॉट्सॲपवर निरोप पडतो: नेमकी जागा कुठली, आत किती जण, क्रेन लागेल का, रक्त लागेल का. 15 एप्रिल 2023 च्या पहाटे गोरेगावचं ढोल-ताशा पथक पुण्याहून परतताना शिंगरोबाच्या देवळाजवळ त्यांची बस दरीत गेली. तेरा जण गेले. जे वाचले, त्यांना अंधारात दोर लावून वर काढताना पोलिसांच्या जोडीला हे स्वयंसेवक होते.

या कामाला पैसा लागतो आणि तो मागायला या लोकांना जड जातं. सुटका केलेल्या माणसाकडून शिवदुर्ग पैसे घेत नाही. पण दोर कातळावर घासतो, भिजतो, जुना होतो. ज्याच्यावर जीव टांगायचा तो वेळेत बाद करावाच लागतो. स्ट्रेचर, हेल्मेट, हार्नेस, गाडीचं डिझेल यांचंही तसंच. या वस्तूंचे फोटो कोणी पुढे पाठवत नाही. दरीतल्या बसचा फोटो हजारदा फिरतो.

पैसे देण्याची रीतही याच काळात बदलली. पूर्वी पावतीपुस्तक घेऊन दारोदार जावं लागे. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत भाजीवाल्यापासून देणगीपेटीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चिकटले. शंभर रुपये देणं सोपं झालं, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याच सोयीने तारीख नसलेली आवाहनंही आली. रुग्ण बरा होऊन घरी गेला, कधी तो जगातून गेला, तरी त्याचा फोटो आणि खातेक्रमांक दोन-दोन वर्षं ग्रुपांवर फिरत राहतो. असा निरोप पुढे पाठवताना आपण एक फोन करून खात्री करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. अशा वेळी पहिल्या आठवड्यात कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या मुबलक येतात. तिसऱ्या महिन्यात मोडलेल्या पायाचे व्यायाम सुरू असतात, बुडालेली मजुरी भरून यायची असते, रात्री पावसाचा आवाज आला की पोर दचकून उठत असतं. कुंडमळ्यानंतर सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये आणि जखमींच्या उपचारांचा खर्च जाहीर केला, ते योग्यच झालं. पण दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या महिन्यांचं बिल कुणाच्या नावावर फाटत नाही.

आणखी एक प्रकारची वाचलेली माणसं आहेत, ज्यांच्यासाठी फोटो टाकून पैसे मागताच येत नाहीत. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि मूल असेल तर पोक्सोखालीही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये समाजमाध्यमांनाही हे बंधन स्पष्ट केलं. राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे आणि आता तिच्यात दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. समुपदेशन, कोर्टाच्या फेऱ्या, सुरक्षित निवारा हे सारं संस्था बघतात, आणि त्यांच्याकडे दाखवायला एकही चेहरा नसतो. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या मुंबईच्या रेश्मा कुरेशीने 2015 मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीविरुद्ध स्वतःचा चेहरा व्हिडिओत दाखवला, तो तिचा निर्णय होता. तसा निर्णय दुसऱ्याच्या वतीने घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून मावळातल्या, आणि मावळ सोडून पुण्या-मुंबईला, परदेशी गेलेल्या वाचकांना विनंती आहे. आपल्या भागात दोर बाळगणारी एक संस्था आणि पीडितांसोबत काम करणारी एक संस्था निवडा. नोंदणी क्रमांक आणि आयकर सवलतीची पावती मागा. खरं काम करणाऱ्याला त्याचा राग येत नाही. मग दरमहा दोनशे रुपये का होईना, बँकेला कायमची सूचना देऊन ठेवा. आणि फोनमध्ये दरीतल्या बसचा किंवा कुंडमळ्याच्या पुलावरच्या जखमींचा व्हिडिओ अजून असेल, तर तो आज काढून टाका.