कुकडीचे रांजण बघायला जाताना

भाताची झोडणी उरकली की बचतगटात सहलीचं बोलणं निघतं. गणपतीपुळे झालेलं असतं, पावस झालेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, गाडी करून घाटावर जाऊ, निघोजचे रांजणखळगे बघू. जरूर बघावेत. पण ती जागा आधी समजून घ्यावी.

निघोज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात, शिरूरपासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. आंबा घाट चढून कराड, सातारा, पुणे करत जायचं, म्हणजे वाटेत मुक्काम आलाच. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो मुलूख मात्र कोरडा. उघड्या माळावर एकदम जमीन चिरल्यासारखी दिसते. खाली कुकडी नदी, काळ्या कातळातली घळ, आणि कातळभर रांजणासारखे खळगे. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे, त्यामुळे दर्शनही होतं.

हे रांजण कोरले पाण्यानं, पण एकट्या पाण्यानं नव्हे. पुराबरोबर वाळू आणि गोटे येतात. कातळातल्या खोलगट जागी भोवरा धरला की गोटा तिथंच गरगर फिरत राहतो. दगडावर दगड फिरला की झिजतो, हे जात्याला टाकी लावून घेणाऱ्या बायकांना काय सांगायचं! गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. हजारो वर्षं हेच चाललंय.

धोका आहे तो याच घडणीत. घासून घासून खळग्याच्या भिंती गुळगुळीत झाल्यात. आपल्या विहिरीला निदान पायऱ्या असतात. इथं आत पडलेल्या माणसाला, पोहता येत असलं तरी, बोट रोवायला जागा नाही. फोटोसाठी कडेवर उभं राहायची हौस नकोच. ओल्या कातळावर तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट डोक्यावरच्या आभाळाची. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप कॅन्यन नावाची अशीच अरुंद घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथं अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. पाऊस झाला होता तो दूर, वरच्या अंगाला. आपला पऱ्ह्याही असाच की! वर डोंगरात पाऊस लागला, की खाली ऊन असतानाही फुगतो. कुकडीवर तर वरच्या बाजूला येडगावचं धरण आहे. धरणातून नदीत पाणी सोडलं, तर पावसाशिवायही पातळी वाढते.

म्हणून कातळावर उतरण्याआधी देवळापाशी, दुकानात विचारा: आज वरून पाणी सुटणार आहे का? जायचं तर दिवाळीनंतर, फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळ्यात तो काळा कातळ तव्यासारखा तापतो. पायात मागून पट्टा असलेली चप्पल घाला, प्यायचं पाणी रत्नागिरीच्या सवयीपेक्षा दुप्पट घ्या. आणि गाडीवाल्याला निघतानाच सांगा, आम्हाला उजेडात पोचायचंय.