ट्राऊट मासा कोठें उभा राहतो?

काश्मिरांत पहलगाम येथें लिद्दर नदीच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतो तो पांढराशुभ्र फेस. अशा बेफाम ओघांत मासा टिकतो तरी कसा, अशी शंका आमच्या वाचकांस येईल, आम्हांसही आली. ट्राऊट तर येथील मूळचा रहिवासीही नव्हे. सन १९०० च्या सुमारास त्याचीं अंडीं ब्रिटनमधून आणून येथें वाढविण्यांत आलीं. हिमनदीचें थंड, प्राणवायूनें भरलेलें पाणी त्यास मानवलें.

त्याचा हिशेब काटकसरी गृहस्थाचा आहे. अन्न वरून वाहत येतें, म्हणून तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. परंतु भर ओघांत राहिल्यास मिळकतीपेक्षां शक्तीचा खर्चच अधिक व्हावयाचा. म्हणून आपण संथ पाण्यांत असावें आणि वेगवान धार शेजारून जावी, अशी जागा तो शोधतो. मोठ्या शिळेच्या मागें पाणी मंदावतें, हें कोणासही दिसतें. शिळेच्या पुढेंही पाणी अडून थोडें निवांत होतें, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. खळाळ डोहांत उतरतो तें मुख, कांठाखालीं पाण्यानें कोरलेली कपार, वेगवान व संथ पाण्यांमधील सीमा, या त्याच्या आवडत्या जागा होत. फेसाचे बुडबुडे ज्या रेषेनें जातात, त्याच रेषेनें बहुधा किडेही वाहत येतात. पाहणारानें मात्र प्रवाहाच्या खालच्या अंगानें, माशाच्या पाठीमागून, हळूच जावें आणि आपली सावली पाण्यावर पडूं देऊं नये.

ज्या घरांत मासा शिजत नाहीं, तेथें ही विद्या कशास हवी, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, बांधकामासाठीं पात्रांतील धोंडे उपसले तरी पाणी पूर्वींइतकेंच वाहील व पुलावरून पाहणारास कांहींच उणें वाटणार नाहीं. माशास मात्र उभें राहावयास जागा उरणार नाहीं. आमच्या महाराष्ट्रांतील नद्यांत ट्राऊट नाहीं. पण धोंडा, कपार व सावली यांचा आसरा तेथील जीवांसही लागतोच. तेव्हां पुढल्या खेपेस नदीवर गेल्यावर मुलांना घेऊन घटकाभर कांठीं बसावें आणि या पाण्यांत मासा कोठें उभा असेल, हें त्यांसच शोधूं द्यावें. ज्यास ती जागा ओळखतां येते, त्यासच ती नाहींशी झालेली कळते.