गाडीतल्या घराची वीज कुठे अडते?

कॅराव्हॅन किंवा मोटारहोममध्ये विजेच्या दोन यंत्रणा शेजारी शेजारी नांदतात. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, छोटा फ्रिज हे सारे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. एसी, मिक्सर, इंडक्शनची शेगडी यांना २३० व्होल्ट लागतात. ते मुक्कामाच्या जागी बाहेरच्या सॉकेटमधून मिळतात, नाहीतर इन्व्हर्टर ते बॅटरीतून तयार करतो. त्यामुळे बिघाड शोधताना आधी काय बंद आहे आणि काय चालू आहे, ते पाहावे. दिवे लख्ख असताना बाहेरच्या विजेवर एसी चालत नसेल, तर बॅटरीला हात लावण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूरवरून जातो, समृद्धी महामार्ग इथूनच सुरू होतो, पेंच आणि ताडोबाही इथून फार दूर नाहीत. अशा गाड्यांचा मुक्काम नागपुरात पडणे साहजिक आहे. फक्त इथला मे महिना पंचेचाळिशी ओलांडतो आणि विजेच्या बहुतेक तक्रारी तेव्हाच डोके वर काढतात.

पहिली शंका नेहमी बॅटरीवर घेतली जाते, आणि पुष्कळदा ती निर्दोष असते. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंग व लोड बंद करून काही तास ठेवल्यावर पूर्ण भरलेली असेल तर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. मात्र हे आकडे भिंतीवरच्या पॅनेलवर न वाचता मल्टिमीटरने थेट टर्मिनलवर घ्यावेत. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते. तो संवेदकाचा दोष असल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. गाडीतले स्वस्त पॅनेल त्याहून भरवशाचे असण्याचे कारण नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज तर जवळजवळ शेवटपर्यंत सारखेच राहते. तिथे किती ॲम्पियर-तास आले आणि गेले, हे मोजणारा मीटर लागतो.

खरी परीक्षा लोड चालू असताना होते. १२ व्होल्टच्या यंत्रणेत प्रवाह प्रचंड असतो. इन्व्हर्टरवर १००० वॉटचे उपकरण लावले, की बॅटरीतून ९० ॲम्पियरच्या आसपास प्रवाह खेचला जातो. केबल २५ चौरस मिलिमीटर जाडीची असली आणि जाऊन-येऊन १० मीटर भरली, तरी अर्ध्या व्होल्टहून अधिक तिच्यातच खर्ची पडतो. त्यात एखादा लग सैल असला किंवा चासीवरच्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज असला, की इन्व्हर्टर ‘बॅटरी लो’ म्हणून बंद पडतो आणि मालक नवी बॅटरी आणायला निघतो. उपाय साधा आहे. लोड चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरे इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर ठेवावे. दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत. मग निगेटिव्हच्या बाजूनेही हेच करावे; ती बाजू तपासायची राहून जाते आणि दोष बहुधा तिथेच निघतो. फ्यूजदेखील नुसता डोळ्यांनी पाहू नये, त्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज आहे का, ते बघावे.

आता उष्णता. लेड-ॲसिड बॅटरीसाठी चार्जरचे व्होल्टेज २५ अंश गृहीत धरून ठरवलेले असते. त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे १४.४ व्होल्टची मर्यादा ४५ अंशांना १४ वर आणायला हवी. ती आणली नाही, तर बॅटरीतले पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात. तापमान मोजणारा सेन्सर बॅटरीलाच चिकटवलेला असावा, कारण सीटखालच्या बंद पेटीतली हवा बाहेरच्याहून बरीच गरम असते. सततच्या दर १० अंश वाढीला लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. लिथियम बॅटरी फार तापली, तर तिचे संरक्षक सर्किट स्वतःहून पुरवठा तोडते. तो बिघाड समजू नये, थंड होऊ द्यावे. छतावरचे सोलर पॅनेल ६५ अंशांवर गेले, की त्याचे उत्पादन सुमारे १५ टक्के घटते.

गाडी दिवसभर चालूनही बॅटरी भरत नसेल, तर अल्टरनेटरपासूनची वाट तपासावी. अलीकडच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मधूनच व्होल्टेज उतरवतो. तिथे नुसता रिले पुरत नाही, डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो.

बाहेरच्या सॉकेटवर विसंबताना सर्वाधिक सावधपणा हवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट, असे आकडे आले तर जोडणी ठीक मानता येते. न्यूट्रल-अर्थमध्येच २३० आले, तर तारा उलट आहेत. फेज-अर्थमध्ये भलताच आकडा आला, तर अर्थिंग नावापुरते आहे. अशा सॉकेटला गाडी जोडू नये, कारण एखाद्या उपकरणातली गळती थेट पत्र्यावर येते. टायर रबराचे असल्याने गाडीला जमिनीचा आधारही नसतो. गाडीत ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असायलाच हवा आणि त्याचे ‘टेस्ट’ बटण प्रत्येक मुक्कामी दाबून पाहावे. बटण दाबूनही तो पडला नाही, तर परवानाधारक वायरमनला दाखवेपर्यंत बाहेरची वीज जोडू नये.