पिकली तरी आंबटच

फळ पिकले की आंबटपणा ओसरतो आणि गोडी चढते, हा नियम चिंच अर्धाच पाळते. तिच्या गरातली साखर वाढत वाढत ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाते, पण आम्ल फारसे कमी होत नाही. बऱ्याच फळांचा आंबटपणा सायट्रिक किंवा मॅलिक आम्लाचा असतो आणि पिकताना फळाच्या श्वसनात ते खर्ची पडते. चिंचेत मुख्यतः टार्टरिक आम्ल असते आणि ते असे सहज मोडत नाही. पिकलेल्या गरात त्याचे प्रमाण साधारण ८ ते १८ टक्के भरते. गाभुळलेल्या चिंचेत गर टरफलापासून सुटू लागतो. पुढे त्यातले पाणी उडते आणि आम्ल व साखर दोन्ही दाट होतात. म्हणून मीठ लावून ठेवलेली चिंच वर्षभर टिकते आणि तिचे एवढेसे बुटूक आमटीला पुरते.

चिंच मूळची उष्णकटिबंधीय आफ्रिकेतली, पण भारतात ती फार जुन्या काळापासून रुजली आहे. तूर-हरभऱ्याच्याच कुळातली असूनही तिच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी सहसा आढळत नाहीत. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कमी पावसात ती तग धरते ती खोल गेलेल्या मुळांच्या जोरावर.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिवळसर, लाल रेघांचे तुरे येतात. फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी तीनच नीट वाढतात, उरलेल्या दोन धाग्यांसारख्या खुरटतात. परागीभवन कीटक करतात आणि बहुतांशी ते दुसऱ्या झाडाच्या परागानेच होते. तुरा ते पिकलेली शेंग हा प्रवास आठ-दहा महिन्यांचा, त्यामुळे फोडलेली चिंच बाजारात येते ती थेट उन्हाळ्याच्या सुरुवातीला. शिवाय एका साली लगडलेले झाड पुढच्या साली हात आखडते.

या परपरागीभवनामुळेच लागवडीचा पेच उभा राहतो. चिंचोका रुजवला तर रोप आईसारखे निपजेल याची खात्री नाही. शेंगेची लांबी, गराचे प्रमाण, आंबटपणा, रंग, सगळेच बदलू शकते. शिवाय अशा झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात. यावर उपाय मृदकाष्ठ कलमाचा. चिंचोक्यापासून वाढवलेल्या खुंटावर निवडक झाडाची कोवळी काडी बांधली की गुण तेच राहतात आणि चार-पाच वर्षांत फळ दिसते. झाड मोठे पसरते, म्हणून बागेत साधारण १० बाय १० मीटर अंतर ठेवतात, म्हणजे हेक्टरी १०० झाडे. तमिळनाडूतील पेरियाकुलमची पीकेएम-१ आणि मराठवाड्यातली प्रतिष्ठान या जाती अशा निवडीतूनच आल्या. थायलंडमध्ये फेचाबून प्रांत गोड चिंचेसाठी प्रसिद्ध आहे. तिथेही चांगल्या झाडांची कलमे करूनच बागा उभ्या राहिल्या.

शेंगेच्या वजनात गर साधारण ५५ टक्के, चिंचोका ३४ टक्के. तोही वाया जात नाही. त्याच्या पिठातले झायलोग्लुकन पाण्यात दाट चिकट द्रव बनवते, म्हणून सूतगिरण्या आणि ताग उद्योग धाग्याला खळ देण्यासाठी ते वापरतात. मात्र चिंचोक्याला पोखरणारा एक भुंगा भुईमुगाच्या साठ्यातही शिरतो. त्यामुळे झाडाखाली पडलेल्या शेंगा वेळेवर उचलणे आणि चिंच भुईमुगापासून दूर साठवणे शहाणपणाचे.

आपल्याकडची बरीचशी चिंच मात्र कुणी लावलेली नाही. ती बांधावर, रस्त्याकडेला आपोआप उगवली. प्रत्येक झाड जनुकीयदृष्ट्या वेगळे असल्याने लांब शेंगेचे, जास्त गराचे किंवा दरसाल फळणारे झाड गावात कुठेही असू शकते. पण रस्ता रुंद करताना कुऱ्हाड पडली की ते गुणही जातात, कारण त्याच झाडाच्या चिंचोक्यातून ते जसेच्या तसे परत मिळणार नाहीत. तेव्हा झाड तोडण्याआधी त्याच्या निदान दोन-चार काड्या कलमासाठी काढून घ्याव्यात.